पायदुखी, वात आणि वैद्यांचे पहिले औषध

आपल्याकडे पायाच्या दुखण्याला एकच नाव आहे, आणि ते म्हणजे वात. परळच्या चाळीत तिसरा मजला चढताना म्हाताऱ्याचा गुडघा करकरला, तर वात. सकाळी उठल्यावर सूनबाईची बोटे आखडली आणि हातातून कपबशी सुटली, तरी वात. रात्री पायाचा अंगठा सुजून चादरीचा स्पर्शही सोसेना, तरी वात. आणि कमरेतून कळ निघून पोटरीपर्यंत गेली, तर तोही वातच. नाव एक झाले की औषधही एकच होते. शेजारच्या काकूंना ज्या तेलाने गुण आला ती बाटली सगळ्या चाळीत खालून वर आणि वरून खाली फिरते. ज्याला गुण येतो तो तेलाचे नाव सांगत सुटतो. ज्याला येत नाही तो नशिबाला बोल लावतो. खुद्द आयुर्वेदाचे यावर म्हणणे काय आहे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

ते म्हणणे सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू. मी वैद्य नव्हे. कामगार संघटनेच्या कामात ज्यांच्यात वावरलो ती माणसे उभ्याने काम करणारी, ओझी वाहणारी, रात्रपाळी करणारी. त्यांच्या गाऱ्हाण्यांत पगाराच्या खालोखाल पायांचा नंबर लागतो. म्हणून चरक, सुश्रुत आणि माधवनिदान यांची मराठी भाषांतरे वाचनालयात बसून वाचली आणि जे समजले नाही ते जाणत्या वैद्यांना व डॉक्टरांना विचारले. त्यातून एक गोष्ट पक्की ध्यानात आली. या शास्त्रात तेल पहिले येत नाही. आधी रोगाची ओळख, मग रोगाचे कारण दूर करणे, आणि त्यानंतर तेल, काढे, गुग्गुळ. आपण पहिल्या दोन पायऱ्या गाळून एकदम तिसरीवर उडी मारतो आणि पाय घसरला की शास्त्राला नावे ठेवतो.

प्रथम वात म्हणजे काय ते पाहू. वात म्हणजे सांध्यात शिरलेला वारा नव्हे. शरीरातील प्रत्येक हालचालीमागे जी प्रेरणा जुन्या वैद्यांनी मानली तिला त्यांनी वात हे नाव दिले. कोरडेपणा, थंडपणा आणि चंचलपणा हे तिचे गुण. फार चालवले, फार राबवले, पोटात स्निग्ध अन्न गेले नाही, झोप मिळाली नाही, म्हणजे हा वात वाढतो, असा त्यांचा सिद्धांत. ज्याने गिरणीत साचा चालवला आहे त्याला हे फोड करून सांगावयास नको. वंगण न घालता अखंड फिरवलेल्या चाकाचे जे होते तेच येथे सांगितले आहे. आजचे शरीरशास्त्र याच गोष्टी निराळ्या भाषेत सांगते. त्या भाषेत वात नाही, कूर्चा आहे. सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत अस्तर, ते झिजते. दोन्ही भाषांची सरमिसळ करून 'हे आमच्या पूर्वजांना आधीच ठाऊक होते' असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. तो मी टाळतो. पूर्वजांना सूक्ष्मदर्शक ठाऊक नव्हता. त्यांना रोगी ठाऊक होता, आणि तो त्यांनी बारकाईने पाहिला होता.

किती बारकाईने, ते पाहण्यासारखे आहे. आपण ज्याला सरसकट वात म्हणतो त्याचे या ग्रंथांत निदान चार वेगळे रोग केले आहेत. पहिला संधिगतवात. चरकाने सांध्याच्या या सुजेला वाऱ्याने फुगलेल्या पखालीची उपमा दिली आहे, आणि पाय पसरताना व आखडताना वेदना होतात असे नोंदवले आहे. वय झालेल्या माणसाचा, शरीर जड असलेल्या बाईचा, उकिडवे बसून आयुष्य काढलेल्याचा गुडघा तो हाच. दुसरा आमवात. याचे सविस्तर वर्णन सातव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या माधवनिदानात येते. न पचलेल्या अन्नाचा चिकट अंश, म्हणजे आम, वाताबरोबर सांध्यांत जाऊन बसतो, अशी त्यामागील कल्पना. हात, पाय, घोटे सुजतात, अंग जड होते, अन्नावरची वासना उडते, कणकण येते आणि विंचू चावल्यासारखी वेदना होते. आजच्या डॉक्टरांच्या ऱ्हुमॅटॉइड संधिवाताशी याचे चित्र बरेच जुळते. तिसरा वातरक्त. हा बहुधा पायाच्या मुळाशी सुरू होतो आणि उंदराच्या विषासारखा हळूहळू अंगभर पसरतो. याला आढ्यवात, म्हणजे श्रीमंतांचा वात, असेही नाव आहे. रक्तातील युरिक आम्ल वाढून होणारा गाऊट तो साधारण हाच. आता त्याला श्रीमंतांचा म्हणण्याचे दिवस राहिलेले नाहीत. काळाचौकीच्या खोल्यांतही तो सुखाने नांदतो. चौथी गृध्रसी. कुल्ल्यापासून मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल अशी उतरत जाणारी कळ, आणि तिच्यामुळे गिधाडासारखी लचकत होणारी चाल. आपण आज तिला सायटिका म्हणतो. हिचे मूळ पायात नसून बहुधा कमरेच्या मणक्यात असते, आणि मग गुडघ्याला कितीही तेल चोळले तरी काय होणार?

जुनी नावे आणि आजची नावे तंतोतंत जुळतात असे मात्र समजू नये. तथापि एवढा भेद जरी ध्यानात ठेवला तरी अर्धी फसगत टळेल, कारण या चौघांचे उपचार वेगवेगळे आहेत आणि एके ठिकाणी तर अगदी उलट आहेत.

ते ठिकाण म्हणजे आमवात. संधिगतवातात आधी स्नेहन, म्हणजे तेल लावणे, आणि नंतर स्वेदन, म्हणजे शेक, असा क्रम आहे. तिळाचे साधे तेल, निरगुडीच्या पाल्यात सिद्ध केलेले तेल, नारायण तेल यांपैकी जे असेल ते कोमट करावे, सांध्याभोवती हलक्या हाताने जिरवावे आणि मग निरगुडीच्या किंवा एरंडाच्या गरम पानांनी शेकावे. हे सोपे, स्वस्त आणि सुखाचे आहे. पण आमवाताची सूज ताजी असताना, सांधा लाल आणि गरम असताना तेल लावू नये, असे वैद्य सांगतात. आम मुळातच चिकट. त्यावर आणखी स्निग्ध पदार्थ कशाला? अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताने आमवाताच्या उपचाराचा जो क्रम दिला आहे त्याची सुरुवात लंघनाने होते. नंतर शेक, आणि तो कोरडा. वाळू लोखंडी तव्यावर तापवून जाड फडक्यात पुरचुंडी बांधावी आणि तिने शेकावे. यालाच वालुकास्वेद म्हणतात. पोटात कडू व तिखट चवीची, भूक वाढवणारी औषधे, मग रेचक. या रोगात एरंडेल तेलाची ग्रंथकारांनी मोठी स्तुती केली आहे, आणि ते सुंठीच्या काढ्यातून द्यावयाचे असते. म्हणजे पाहा, एकाच सुजलेल्या सांध्यासाठी तेल बाहेरून वर्ज्य आणि पोटातून ग्राह्य! आधुनिक डॉक्टरही ताज्या दाहाने गरम झालेला सांधा जोराने चोळू नका असेच सांगतील. कारण निराळे देतील, इतकेच. चाळीत फिरणारी बाटली हा भेद कसा जाणणार? आणि एरंडेलही सरसकट घ्यावयाचे औषध नव्हे. गरोदर बाईने ते घेऊ नये, आणि अशक्त म्हाताऱ्याला जुलाबांनी अधिकच थकवा येतो.

आपल्या गावात तरी या विद्येचा सल्ला मिळण्याची अडचण नाही. वरळीला पोदारांच्या नावाचे सरकारी आयुर्वेद महाविद्यालय १९४१ पासून आहे आणि त्याला रुग्णालय जोडलेले आहे. शीवला आयुर्वेदाचे महाविद्यालय व रुग्णालय आहे. औषधांच्या कारखानदारीतही हा टापू जुना. पनवेलचा धूतपापेश्वर कारखाना १८७२ सालचा. १९१० साली स्थापन झालेल्या झंडू कंपनीचा कारखाना दादरला होता. बाम चोळून कपाळ आणि गुडघे दोन्ही थंड करणारी पिढी याच भागात वाढली. बामाने त्वचेवर थंड-गरम संवेदना होऊन आतल्या वेदनेवरून लक्ष उडते. तात्पुरता आराम पडतो, आणि तो खोटा नव्हे. पण झिजलेली कूर्चा त्याने भरून येत नाही.

मग पोटातल्या औषधांनी तरी खरोखर गुण येतो काय? श्रद्धेने द्यावयाचे उत्तर मला नको होते, म्हणून मोजून पाहिलेले काय आहे ते शोधले. झाडपाल्याचे औषध मोजता येत नाही, ही समजूत मुंबईनेच खोटी पाडली आहे. येथले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम रोग्यांवर पद्धतशीर तपासून १९४९ साली इंग्लंडच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाने तो मानला. गुडघ्यांच्या बाबतीत असा एक चांगला प्रयोग पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी केला. त्याचा वृत्तांत २०१३ साली प्रसिद्ध झाला. झिजेच्या गुडघेदुखीचे ४४० रोगी घेतले आणि चोवीस आठवडे औषध दिले. काहींना सुंठ, गुळवेल, आवळा, शल्लकी यांच्या अर्कांची औषधे, काहींना ग्लुकोसमाइन आणि काहींना सेलेकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी. कोणाला काय मिळते आहे हे रोग्यालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. निष्कर्ष असा निघाला की, वेदना आणि हालचाल या दोन्ही बाबतींत आयुर्वेदिक औषधे इतर दोन औषधांच्या तोडीस तोड ठरली. ही बातमी सांगणारे पुष्कळ भेटतात. तिचा दुसरा अर्धा भाग कोणी सांगत नाही. आयुर्वेदिक औषधे घेणाऱ्यांपैकी सात जणांच्या रक्तात यकृतावरचा ताण दाखवणारे द्रव्य वाढलेले आढळले. त्यांना त्रास काही होत नव्हता, आणि औषध थांबवल्यावर ते प्रमाण पूर्ववत झाले. संशोधकांनी हे लपवले नाही, म्हणून मला त्यांच्या पहिल्या निष्कर्षावरही विश्वास ठेवावासा वाटतो.

औषध म्हटले की त्याला बळ असते आणि बळ असते तेथे अपायही संभवतो. 'आयुर्वेदिक आहे, म्हणजे अपाय नाही' हे वाक्य दुकानदाराचे आहे, चरकाचे नव्हे. करोनाच्या साथीत, २०२० च्या अखेरच्या महिन्यांत, मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रोग्यांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. वाद काही असो, महिनोन्महिने काढा घेणाराने मधून रक्त तपासून घ्यावे, यात कोणाचे काय जाते? भस्मांचा प्रश्न याहून कठीण आहे. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन भागातील दुकानांतून घेतलेल्या सत्तर आयुर्वेदिक औषधांपैकी चौदांत शिसे, पारा किंवा सोमल सापडला. आणि सर्वांत वाईट ती बिननावाची पुडी. दोन दिवसांत म्हातारी जिना चढू लागली, असा चमत्कार जी करते, तिच्यात बहुधा स्टिरॉइड मिसळलेले असते. सूज उतरते, भूक वाढते, तोंड गोल होते. मग मधुमेह बळावतो, हाडे ठिसूळ होतात, आणि पुडी एकदम बंद केली तर जिवावर बेतते. घटकांची यादी, परवाना क्रमांक आणि कारखान्याचा पत्ता यांपैकी काहीही ज्यावर नाही ते औषध पोटात घालू नये. ऱ्हुमॅटॉइडच्या रोग्याने तर डॉक्टरांची गोळी आपल्या मनाने सोडून पुडीच्या मागे लागू नये. त्या रोगात गेलेले महिने सांध्यांची वाकडी बोटे होऊन परत येतात.

काही दुखणी अशी की त्यांत तेलाची बाटली हातातही घेऊ नये. हिंदमाता आणि परळचे पाणी आपल्या ओळखीचे आहे. गुडघाभर पाण्यातून घरी आलो, दहा-बारा दिवसांत ताप भरला, पोटऱ्या विलक्षण दुखू लागल्या, डोळे लाल झाले. हा वात नव्हे, हा लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर त्याने मुंबईत बळी घेतले. पाण्यातून चालावे लागले तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळी घ्यावी, असे महापालिका पावसाळ्यात सांगत असते, आणि ते ऐकावे. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाची, तर आत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळून सुटली तर फुफ्फुसात जाते. दोन्ही पावलांवर बोट दाबले असता खळगा राहतो, तेव्हा हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत तपासावयाचे असते. एकच सांधा ताप येऊन लाल झाला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि ज्याच्या पायाची जाणीव मधुमेहाने गेली आहे त्याने शेक घेऊ नये. वाळू किती गरम आहे हे त्याला कळत नाही. फोड आल्यावर कळते.

आता दुसऱ्या पायरीकडे, म्हणजे कारणाकडे, वळतो. तीच माझ्या कामाची जागा. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात २८ वा अध्याय वातव्याधींचा आहे. त्याच्या आरंभी वात बिघडण्याची जी कारणे सांगितली आहेत ती वाचताना मला एखाद्या मागणीपत्राची आठवण झाली. अति चालणे, अति श्रम, रात्रीचे जागरण, कोरडे आणि अपुरे अन्न, उपासमार, झोपण्याची वाईट जागा, चिंता, आणि मलमूत्राचे वेग दाबून धरणे. सुश्रुताने तर उपचाराचे सार एका शब्दात सांगितले आहे : निदानपरिवर्जन, म्हणजे रोगाचे कारण टाळणे. हेच वैद्यांचे पहिले औषध. ते बाटलीत भरता येत नाही, म्हणून त्याची जाहिरात होत नाही.

ही कारणे टाळणे कोणाच्या हाती आहे? १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तोपर्यंत विणकर पाळीभर साच्यांच्या मधल्या बोळातून येरझाऱ्या घालीत असे. आज त्यांतील काही गिरण्यांच्या जागी काचेची दुकाने उभी आहेत, आणि विणकराची नात तेथे कपड्यांच्या मांडणीपाशी दिवसभर उभी असते. गिऱ्हाईक नसले तरी बसावयाचे नाही. शौचालय दोन मजले खाली, म्हणून ती पाणी पीत नाही. वेगधारणाचे याहून चांगले उदाहरण चरकाला मिळाले नसते. पोटरीचा स्नायू हा रक्त वर ढकलणारा पंप आहे. चालताना तो चालतो, नुसते उभे राहिल्याने थांबतो. मग रक्त शिरांत साचते, संध्याकाळी घोटे सुजतात आणि काही वर्षांनी निळ्या शिरा फुगून दिसू लागतात. त्या शिरांतील झडपा तेलाने दुरुस्त होत नाहीत. दारावरचा पहारेकरी बारा तास याच अवस्थेत असतो. त्याला विश्रांती घ्या, असे वैद्याने सांगणे म्हणजे उपाशी माणसाला तूप खा म्हणण्यासारखे आहे.

कायद्याने हे कारण ओळखले आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याच्या सोयीचे ४४ वे कलम घातलेले होते. पण ते कारखान्यांपुरते. केरळात कोझिकोडच्या कापडदुकानांतील विक्रेत्या स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी चळवळ केली आणि २०१८ साली तेथील दुकानांच्या कायद्यात तो हक्क आला. २०२१ साली तमिळनाडूने तेच केले. व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांविषयीची २०२० ची केंद्रीय संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे, आणि तिच्यातही उभ्याने काम करावे लागणाऱ्यांसाठी बसण्याच्या व्यवस्थेचा उल्लेख आहे. कलम कागदावरून दुकानात आपोआप चालत येत नाही, हे निराळे सांगावयास नको.

दादर भागातल्या एका कापडदुकानात आम्ही हा प्रश्न धरला होता. मालकाचे म्हणणे असे की, बसलेली मुलगी गिऱ्हाइकाला आळशी वाटते. चार बैठका झाल्या. शेवटी त्यांच्याच आईने, जिचे दोन्ही गुडघे गेलेले होते आणि जी गल्ल्याशेजारच्या खुर्चीवरून सगळे ऐकत होती, विचारले की, मग मी येथे बसते ते गिऱ्हाइकाला काय वाटते? त्यानंतरच्या आठवड्यात सहा घडीची स्टुले आली. ती काउंटरखाली सरकवून ठेवता येतात. दुपारी एक ते चार, गर्दी नसते तेव्हा, मुली पाळीपाळीने वीस मिनिटे बसतात आणि बसल्या बसल्या घोटे वरखाली हलवतात. तो व्यायाम त्यांना पोदारच्या एका तरुण वैद्यबाईंनी दाखवून दिला होता. निरगुडीचे तेल त्यांच्यापैकी दोघीतिघी अजून लावतात, पण रात्री घरी गेल्यावर, आणि आधी सांधा गरम आहे की नाही हे हाताने पाहून.